चुन्याखालचा ठेवा

एखाद्या देशाची ओळख करून घ्यावयाची म्हणजे प्रथम त्याच्या राजधानीकडे धांव घ्यावयाची, अशी आपली रीत आहे. फ्रान्स म्हटलें कीं पॅरिस, आणि पॅरिस म्हटलें कीं नोत्र-दाम! परंतु त्या देशाच्या पूर्वजांचा ठेवा खेडोपाडींच्या लहानशा चर्चांतूनही विखुरलेला आहे; आणि तो टिकला कसा हें पाहूं गेल्यास ‘वारसा’ या शब्दाचा अर्थ अधिक उकलतो.

मध्य फ्रान्समधील बेरी प्रांतांत विक नांवाचें खेडें आहे. तेथील संत मार्टिनचें चर्च बाहेरून अगदीं साधें. आंत मात्र भिंती बोलूं लागतात. १२ व्या शतकांत कोणा अनाम चिताऱ्यानें येशूच्या चरित्रांतील प्रसंग तेथें रंगविले : शिष्यांसमवेत घेतलेलें अखेरचें भोजन, शिष्यांचे पाय धुणारा येशू, चुंबन घेऊन दगा देणारा यहूदा. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्या शेतकऱ्यांची ही पोथीच होती. पुढें तिच्यावर चुन्याचा हात फिरला आणि गांव तिला विसरून गेलें.

चुना म्हणजे पुसून टाकणें, असें मला लहानपणीं वाटे. दिवाळीपूर्वीं घराला सफेती होई, आणि उंची मोजण्यासाठीं आम्हां भावंडांनीं भिंतीवर ओढलेल्या रेघा तिच्याखालीं जात. विकच्या चुन्यानें मात्र झांकलें तें राखलें. १८४९ सालीं तेथील धर्मगुरु पेरिगो यांना त्याखालीं चित्रें आढळलीं. शेजारच्या नोआं गांवीं जॉर्ज सँड या पुरुषी नांवानें लिहिणारी विख्यात कादंबरीकर्त्री राहत असे. तिनें चित्रांची बाजू उचलून धरली. ऐतिहासिक स्मारकांचे सरकारी निरीक्षक होते कथाकार प्रॉस्पेर मेरिमे. १८५० सालीं या चर्चची गणना संरक्षित स्मारकांत झाली.

यांतील मौज अशी कीं, सँडबाई धर्मसंस्थेच्या कठोर टीकाकार, आणि मेरिमे तर उघड नास्तिक! म्हणजे देवळाचा सांभाळ केवळ भाविकच करतात असें नाहीं.

आज हा प्रश्न त्या देशांत पुस्तकी राहिलेला नाहीं. १९०५ च्या कायद्यानें राज्य व धर्म विभक्त झाले, आणि गांवोगांवचीं जुनीं चर्चें ग्रामसंस्थांच्या मालकीचीं ठरलीं. उपासनेचा हक्क भाविकांकडे राहिला. आतां कित्येक खेड्यांत उपासक मोजकेच, एकेका धर्मगुरूकडे अनेक गांवें, आणि छप्पर गळूं लागलें कीं खर्चाचा भार मूठभर करदात्यांवर! २०२३ सालीं १०,००० हून कमी वस्तीच्या गांवांतील धर्मवास्तूंसाठीं राष्ट्रीय वर्गणीची मोहीम निघाली, ती याच चिंतेपोटीं.

जो कधीं प्रार्थनेस जात नाहीं, त्यानें तें छप्पर कां शाकारावें, असें कोणी विचारील. मला विकच्या भिंतींकडेच बोट दाखवावेंसें वाटतें. चित्रें चुन्यानें राखलीं हें खरें. पण छप्पर कोसळतें, तर पावसापुढें चुनाही टिकता ना आणि रंगही. खालीं काय दडलें आहे याची वार्ताही नसलेल्या पिढ्यांनीं आपापल्या काळांत तें छप्पर सांभाळलें, म्हणून पेरिगोंना कांहीं सांपडलें. आपल्या हातीं आलेल्या वस्तूची खरी किंमत आपल्याला कळलीच असेल, असें थोडेंच आहे? ती पुढच्या कोणाला तरी कळावी, एवढ्यासाठीं कौलें जागच्या जागीं ठेवणें हें मात्र आपलेंच काम आहे.