तान्हा पोळा आणि चौदा स्वप्ने

श्रावण अमावास्येला शेतकऱ्याचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, वऱ्हाडातील मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा साजरा करतात. श्वेतांबर मूर्तिपूजक घरांत हाच पर्युषणातील जन्मवाचनाचा दिवस. त्रिशलामातेची चौदा स्वप्ने समाजासमोर उतरवली जातात. पहिले हत्तीचे, दुसरे वृषभाचे. दिगंबर परंपरेत स्वप्ने सोळा आहेत, पण वृषभ तेथेही आहेच. तिथीत फरक पडला नाही, तर अकोला-अमरावतीच्या श्वेतांबर मुलापुढे एकाच दिवशी दोन बैल येतात.

सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेतून जे कला-प्रकल्प दिले जातात, त्यांना याहून जवळचा विषय शोधूनही सापडणार नाही. प्रत्यक्षात प्रकल्पाची आठवण आदल्या रात्री होते. मग स्टेशनरीच्या दुकानातून तयार वस्तू येते, नाहीतर मूल झोपल्यावर आई चिकटवत बसते. शाळेत नाव मात्र मुलाचे लागते. हिशेबाच्या वहीत एका पैशाची चूक न खपवणाऱ्या घरांना ही नोंद खटकत नाही, हे नवल आहे.

बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाचा डोळा हाताच्या पुढे धावू लागतो. सात वर्षांचे मूल चार रेघांच्या बैलावर खूश असते. सातवीतल्याला त्याच बैलाचे पाय चुकलेले दिसतात, आणि ते सुधारण्याइतका हात अजून तयार नसतो. नेमक्या याच वयात पुष्कळ मुले ‘मला येत नाही’ म्हणून चित्रकला कायमची सोडतात. अशा वेळी घरच्यांनी तयार बैल आणून दिला, की त्या वाक्यावर शिक्कामोर्तब होते.

कला हा व्यापाऱ्याचा प्रांत नव्हे, असेही ऐकू येते. पश्चिम भारतातील चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या, ज्यांतील माणसांचा दुसरा डोळा चेहऱ्याबाहेर आलेला दिसतो, त्या मोठ्या प्रमाणावर जैन व्यापाऱ्यांनीच लिहवून व रंगवून घेतल्या. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये उभी राहिली, ती सर जमशेटजी जीजीभॉय या व्यापाऱ्याच्या एक लाख रुपयांच्या देणगीवर.

शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट रेखाकला परीक्षांकडे पालकांचे लक्ष असते, पण ते दहावीतील वाढीव गुणांपुरते. त्यांत स्मरणचित्र हा विषय आहे. पाहिलेले आठवून काढावे, हा त्याचा हेतू. मुले मात्र बाजाराचा एखादा देखावा घोकून जातात आणि तोच कागदावर उतरवतात. ज्याने बैल नीट पाहिलाच नाही, त्याने आठवावे तरी काय?

अकोल्यातील एका कापड-दुकानदाराच्या घरी सातवीतल्या मुलाने यंदा काळ्या मातीचा बैल करायला घेतला. माती पर्युषणापूर्वीच मळून व्हावी, ही दादीजींची अट होती. कपाशीची ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी बैलाच्या पाठीला उभी भेग गेली. “राहू दे, लाकडाचा आणून देतो,” असे वडील म्हणाले. त्यांच्या बोलण्यात मायाच होती. दादाजींनी मात्र जुन्या गादीतला मूठभर कापूस काढून नातवापुढे ठेवला. मूर्तिकार मातीत कापूस मिसळतात आणि तंतू मातीला धरून ठेवतात, एवढेच सांगून ते दुकानाला गेले. कापूस बारीक तोडून, मातीत कालवून, मळून हात दुखेपर्यंत मुलगा बसला होता. हा बैल तडकला नाही. एक शिंग मात्र आखूड झाले. ते लांबवता आले असते, पण पोळ्याच्या तयारीत त्याने पाहिलेल्या एका बैलाचे शिंग तसेच होते, म्हणून त्याने ते तसेच ठेवले.

प्रतिपदेला वृषभाच्या स्वप्नाची बोली दुसऱ्याच कुटुंबाने घेतली. चांदीचा बैल खाली येत असताना मुलगा त्याच्या वशिंडाकडे टक लावून पाहत होता. आपल्या बैलाचे वशिंड खांद्यावर न येता पाठीच्या मध्यावर सरकले आहे, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले. माती पुन्हा भिजवायला संवत्सरीपर्यंत थांबावे लागणार होते.