सोडूनही न सुटणारे शस्त्र

चित्रपटातला मावळा कमरेची कट्यार उपसतो आणि वीस हातांवरच्या गनिमाच्या छातीत नेमकी भिरकावतो. हे दृश्य मनात घेऊन एखादा मुलगा कोल्हापुरातील तालमीत मर्दानी खेळ शिकायला आला, तर वस्ताद त्याच्या हाती प्रथम साधी लाठी देतात आणि पायांचे पवित्रे घोटवून घेतात.

मुळात कट्यार फेकण्यासाठी घडलेलीच नाही. तिच्या मुठीच्या आडव्या दांड्या बोटांत घट्ट धरल्या की पाते मनगटाच्या रेषेत पुढे येते आणि बाहूचे सारे बळ भोसकण्यात उतरते. बिचवा, जंबिया हीदेखील अंगाला अंग भिडल्यावरची शस्त्रे.

मराठ्यांचे खरे फेकीचे शस्त्र म्हणजे विटा. (नाव ऐकून कोणाला भट्टी आठवेल, कोणाला सांगली जिल्ह्यातले गाव, त्याला इलाज नाही.) सुमारे पाच फुटांचा हा भाला, त्याच्या मागच्या टोकाला तितकीच लांब दोरी आणि दोरीचे दुसरे टोक खेळणाऱ्याच्या मनगटाला. रणात शस्त्र भिरकावणारा शिपाई पुढच्या क्षणी निःशस्त्र होतो. विट्याचा वार मात्र जाऊन परत येतो.

त्याच दोरीने धोक्याचे वर्तुळही आखले जाते. माणसे किती अंतरावर उभी करायची, हे तिच्या लांबीवरून ठरते. परंतु फेकीपेक्षा परतीची ओढ अवघड! झटका चुकला, तर भाला फेकणाऱ्याच्याच अंगावर येतो. म्हणून ओढताना शरीर त्या रेषेतून बाजूला काढावे लागते. आरंभीचे पवित्रे येथे उपयोगी पडतात. नवशिक्याने फाळ नसलेल्या काठीवरच हात बसवावा, हे उघड आहे.

सुरीच फेकायची असेल, तर तिला दोरी नसते. सावधगिरी सुरीच्या निवडीत आणि जागेत आणावी लागते. स्वयंपाकघरातली सुरी किंवा आजोबांचा जंबिया येथे कामाचा नाही. सुमारे एक फुटाची, एकाच पोलादी पट्टीची, टोक अणकुचीदार पण धार बोथट अशी सुरी हवी. फार कडक पोलाद तडकते. लक्ष्य म्हणून मऊ लाकडाचा आडवा कापलेला ओंडका उभा करावा. त्याच्या तंतूंत टोक रुतते, फळीवरून मात्र सुरी उसळून मागे येते. ओंडक्यामागे भिंत, बाजूला कोणी नाही आणि सर्वांच्या फेकी संपेपर्यंत सुऱ्या आणायला कोणी पुढे जायचे नाही.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातली शस्त्रे परवान्याखाली गेली. कोल्हापूरने मात्र ही विद्या 'खेळ' म्हणून तालमींत जपली. आज मिरवणुकीत माणसाच्या तळहातावरचे लिंबू पट्ट्याच्या वाराने दुभंगते आणि टाळ्या पडतात. त्या वेळी लिंबू धरलेल्या हाताकडे पाहावे. तो जरासुद्धा हलत नाही.