तट पाडायचा होता, म्हणून सैतान सापडला

केन रसेलचा 'द डेव्हिल्स' बघितलाय का कुणी? १९७१चा सिनेमा. रसेल गेल्यावर काही महिन्यांनी, २०१२ साली, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने डीव्हीडी काढली. तीही सेन्सॉरने कात्री लावलेल्या प्रतीचीच. कापलेला भाग तोवर सापडला होता, थेटरात दाखवूनही झाला होता. डीव्हीडीत मात्र नाही! मित्राने लंडनहून आणलेली ती डिस्क परवा पुन्हा लावली.

मूळ घटना खरी आहे. फ्रान्समधलं लूदाँ गाव. कार्डिनल रिशल्यूला गावाची तटबंदी पाडायची होती. सिनेमात पाद्री ग्रँडिए आडवा येतो. मग मठातल्या नन्सच्या अंगात सैतान शिरतो, आणि तो म्हणे यानेच घातला. सैतान उतरवण्याचे जाहीर कार्यक्रम, बघायला ही गर्दी. १८ ऑगस्ट १६३४ला ग्रँडिएला जिवंत जाळलं.

मला रिशल्यूची तेवढी भीती वाटत नाही. त्याला काय हवंय ते कळतं तरी. भीती वाटते ती जत्रेला आल्यासारख्या गावकऱ्यांची. तट त्यांचा, माणूसही त्यांचाच. तटाचं कुणी विचारतच नाही, सगळे सैतानाबद्दल बोलतायत.

शेवटी ग्रँडिएची बायको पडलेल्या तटावरून एकटीच गाव सोडून चालू लागते.