भांडं

मी बी. ए. मराठीचा. पण शाळेत विज्ञानाला शिक्षक कमी पडले की आठवी-नववीचे तास माझ्याकडे यायचे, त्यामुळे उष्णतेचा धडा मी बरीच वर्षं शिकवला. गरम वस्तूने गमावलेली उष्णता म्हणजे थंड वस्तूने घेतलेली उष्णता. सूत्र फळ्यावर लिहायचं, तीन गणितं सोडवायची, तास संपला. वर्गात पाणी तापवून कधी पाहिलं नाही.

२०१९ च्या जानेवारीत आम्ही दोघं मिनेसोटात लेकीकडे होतो. जावयांना घरी बिअर करण्याचा छंद आहे. (१९७८ च्या कायद्याने अमेरिकेत त्याला मोकळीक मिळाली, विकायची मात्र नाही.) मला हे फारसं रुचलं नव्हतं, खरं सांगतो. पण बाहेर बर्फ, घरात बसून किती बसणार? एका रविवारी गॅरेजमध्ये डोकावलो, तर तिथे माझा जुना धडाच मांडून ठेवलेला!

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. आपण नाचणीच्या सत्त्वासाठी मोड आणतो, तसंच. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवलं की ती पिष्टाची साखर करतात. त्यातल्या एका विकराला ६० ते ६५ अंश सेल्सिअस मानवतं आणि त्याने केलेली साखर यीस्ट आवडीने खातं. दुसऱ्याला सत्तरच्या आसपास बरं वाटतं, पण त्याने केलेलं बरंचसं यीस्टला खाता येत नाही, ते बिअरमध्ये तसंच राहतं. म्हणून ६४ अंशांवर बिअर पातळ आणि कोरडी होते, ६९ वर दाट आणि गोडसर. जावयांना हवे होते ६७.

"बाबा, पाणी किती तापवायचं ते तुम्हीच काढा."

माल्ट ५ किलो, गॅरेजमध्येच ठेवलेलं, म्हणून ६ अंशांवर. पाणी १५ लिटर. धान्याची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या साधारण ०.४ पट धरतात, म्हणजे उष्णतेच्या हिशोबात ते माल्ट २ लिटर पाण्याएवढं. ते ६१ अंशांनी तापायला हवं. दोन गुणिले ६१, भागिले १५, आठाच्या जरा वर. ६७ अधिक ८, ७५ अंश. मी कागद त्यांच्या हातात दिला तेव्हा, लपवत नाही, छाती थोडी फुगली होती.

सहलीला नेतात तसल्या जाड कूलरमध्ये त्यांनी पाणी ओतलं, माल्ट घातलं, ढवळलं. तापमापी ६४ वर थांबली.

कागद पुन्हा तपासला. आकडेमोड बरोबर होती. तेवढ्यात ही चहा घेऊन आली. तिने डब्याला हात लावला आणि म्हणाली, "अहो, हा डबा केवढा गारठलाय! थर्मासमध्ये चहा भरण्याआधी आपण गरम पाण्याने विसळत नाही का?"

तेव्हा मला तो मुलगा आठवला. असंच गणित चाललं असताना त्याने हात वर केला होता. "सर, पण भांडंही तापेल ना?" मी म्हणालो होतो, "गणितात भांडं दिलंय का? मग बस खाली." मुलं हसली. तोही हसला, आणि त्यानंतर त्याने माझ्या तासाला हात वर केल्याचं मला आठवत नाही. वास्तविक उष्णतेच्या प्रयोगात भांड्याची उष्णता हिशोबात धरतातच. ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची माझी तयारी नव्हती.

जावयांनी दीडेक लिटर उकळतं पाणी थोडं थोडं करून, ढवळत ओतलं आणि काटा ६७ ला आला. पुढच्या वेळेपासून ते कूलर आधी गरम पाण्याने दहा मिनिटं भरून ठेवतात. बिअर महिनाभराने झाली. मी घोटभर घेऊन पाहिली, कडू लागली.

त्या मुलाचं नाव आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसायचा, एवढंच आठवतं.