ऐनवेळचा विषय

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात बौद्धिकासाठी माजी सरपंच, माजी नगरसेवक यांना बोलावतात. यंदा जानेवारीत मोताळा तालुक्यातल्या एका शिबिराचे बोलावणे माझ्या फुफीला आले. महाविद्यालय अमरावती विद्यापीठाशी संलग्न. कार्यक्रम अधिकारी माझे बी.एड.चे सहाध्यायी. फुफी म्हणाली, "मैं क्या बोलूं? तू साथ चल." अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले.

आधी एक माजी सरपंच बोलले. याच तालुक्यातल्या सिंदखेडने २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत ४५ दिवस श्रमदान करून राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळवला, ती हकिगत त्यांनी रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. त्यानंतर फुफी उभी राहिली.

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. त्याच वर्षी आमचा वॉर्ड महिलेसाठी निघाला. मोहल्ल्याने ठरवले, फुफाजींनी अर्ज भरला, फुफीने सही केली. हे तिने मुलांना जसेच्या तसे सांगितले, आमच्या वऱ्हाडी-उर्दू मिसळीत. "पहिलं वर्षभर लोक यांनाच नगरसेवक म्हणत," म्हणाली. मुले हसली.

मग ती विषयपत्रिकेवर आली आणि माझ्या पोटात गोळा उठला.

सभेची विषयपत्रिका मराठीत यायची. फुफी उर्दू सातवी पास. वाचून दाखवायचे काम माझे. मी तेव्हा बारावीत, आणि माझी मराठी पाठ्यपुस्तकापुरती. शेवटी छापलेले असे : 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.' मला अर्थ लागला नाही. कुणाला विचारायची लाज वाटली. सांगून टाकले, "यात काही नाही." त्या सभेत आमच्या गल्लीतल्या नालीचा निधी दुसरीकडे वळवण्याचा विषय ऐनवेळी आला. सगळ्यांचे हात वर गेले, तिचाही गेला. त्या पावसाळ्यात गल्लीतल्या घरांत पाणी शिरले. एक घर आमचे होते.

"वाचणाऱ्याचा कसूर नाही," फुफी म्हणाली. "हात माझा होता. मी विचारलं नाही." माझे नाव तिने घेतले नाही. पुढच्या सभेत मात्र त्या ओळीवर बोट ठेवून तिने सुरुवातीलाच विचारले होते, ऐनवेळचा विषय कोणता, आत्ताच सांगा. नाली तिसऱ्या वर्षी झाली.

एका मुलाने विचारले, नगरसेवकाचे काम तरी काय असते? चेष्टा नव्हती. आधीच्या मुदती संपल्यावर पालिकांवर प्रशासक बसले आणि निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. एवढी वर्षे त्याच्या वॉर्डात नगरसेवकच नव्हता! फुफीने उलट विचारले, "गल्लीतला दिवा बंद पडला तर कुणाला सांगता?" कुणी बोलेना.

मागे बसलेली एक मुलगी वही उघडून म्हणाली, "ती ओळ परत सांगता का?"

फुफीने माझ्याकडे पाहिले. मी उठले, खडू घेतला आणि ती ओळ फळ्यावर लिहिली.