फवारणीच्या जागी मजुरी

सर्व्हर, कमांड लाइन हे आयटीवाल्यांचे उद्योग, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असं आमच्यातलेच काही कार्यकर्ते विचारतात. संबंध आहे, आणि तो पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेत दिसतो.

इथे हवामानाचा सल्ला येतो तो बागायतदारासाठी: पाऊस येतोय, फवारणी उरका. पेठ-सुरगाण्याहून छाटणीला आलेल्या टोळीला, वस्तीतल्या आमच्या आयाबहिणींना उद्या काम आहे की खाडा, हे कोणी सांगत नाही. पाऊस झाला की रोज बुडतो, एवढंच त्यांना कळतं.

म्हणून आम्ही एका जुन्या संगणकावर इसीफ्लो चालवतो. युरोपीय हवामान केंद्राने आपली रोजची कामं क्रमाने लावण्यासाठी ते बनवलं. ते मोफत आहे. त्याच केंद्राच्या अंदाजाचा काही भागही जानेवारी २०२२ पासून सर्वांना खुला आहे. इसीफ्लोत कामांचं झाड असतं: वर सूट, त्याखाली फॅमिली, तिच्यात टास्क. यातल्या प्रत्येकाला नोड म्हणतात. आमच्या झाडात एक फॅमिली डेटा उतरवते, दुसरी पावसाचा आकडा काढते, तिसरी संदेश पाठवते. या तिसरीत फवारणीचा टास्क होता. तिथे आम्हाला मजुरीचा हवा होता.

सगळं झाड पुसून नवं चढवता येतं, पण मग झालेली कामंही सर्व्हर विसरतो. त्यापेक्षा रिप्लेस बरं. क्लायंटच्या कमांडमध्ये रिप्लेस, मग नोडचा पूर्ण मार्ग, मग नवी डेफिनिशन फाइल. त्या फाइलमध्ये तोच मार्ग असावा लागतो. तेवढीच फांदी बदलते, बाकीचं झाड जिथल्या तिथे. टास्कची स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असते, ती आधी जागेवर ठेवायची.

त्या फांदीवर काम चालू असेल तर सर्व्हर बदल नाकारतो. शेवटी फोर्स जोडला की ऐकतो. हा मोह कार्यकर्त्यांना जरा जास्तच होतो, आम्ही एकमेकांना ओळखतो! पण मग जुनं काम संपल्यावर निरोप द्यायला येतं आणि सर्व्हर त्याला ओळखत नाही. त्याला झोंबी म्हणतात. तोवर त्या कामाने फवारणीचा संदेश पाठवलेलाही असू शकतो. आम्ही आधी सूट सस्पेंड करतो, चालू काम संपू देतो, मग नोड बदलतो आणि सूट पुन्हा सुरू करतो. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

जात नुसती कामं वाटत नाही, माणसंच वाटून त्यांना एकाखाली एक रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलं. संगणकातही तेच चाललंय. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र घेऊन आमची पोरं डेटा एन्ट्रीला बसतात, आणि कोणता संदेश कोणाला जायचा हे झाड दुसराच कोणी लिहितो. त्याला शिव्या देणारे लेख आम्हीही लिहिले. पण फवारणीच्या जागी मजुरी आली ती एका ओळीच्या कमांडने, आणि ती ओळ आमच्यातल्या कोणाला तरी येत होती म्हणून.

अंदाज भरड आहे, हेही सांगून ठेवतो. त्याचा एक चौकोन सुमारे २८ किलोमीटरचा. हायवेच्या अलीकडे सर आणि पलीकडे ऊन, हे त्यात दिसत नाही. म्हणून संदेशात 'पाऊस येणार' असं आम्ही लिहीत नाही, 'शक्यता जास्त, मुकादमाला आजच विचारा' असं लिहितो.

पुढची फॅमिली बाजार समितीतल्या हमालांसाठी, टोमॅटोच्या हंगामाआधी. किती पाऊस झाला की आवक घटते आणि हमाली बुडते, तो आकडा संगणकात नाही. तो हमालांकडे बसून काढायचा आहे. ज्यांना यायचंय त्यांनी वही घेऊन या, लॅपटॉप नसला तरी चालेल.