मामा, तू इंजिनिअर आहेस ना?

वीकांताला ताईकडे जाण्याचे दोन फायदे असतात. एक, आयतं गरम जेवण. दोन, स्वतःच्या खोलीतला पसारा आवरायचं काम आणखी एक आठवडा पुढे ढकलता येतं. तोटा एकच. भाचेबुवा.

गेल्या शनिवारी मी चपला काढतोय न काढतोय तोच भाचेबुवांनी (इयत्ता चौथी) त्यांची रिमोटची गाडी माझ्या मांडीवर आणून ठेवली. "मामा, तू मेकॅनिकल इंजिनिअर आहेस ना? मग हे चाक नीट करून दे."

आता खरं सांगायचं तर मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे ते फक्त बायोडेटात. डिग्री घेतली मेकॅनिकलची आणि गेली सहा वर्षं लिहितोय जावा. माझ्या बॅचमधले निम्म्याहून जास्त लोक हेच करतात, त्यामुळे कधी लाज वगैरे वाटली नाही. पण चौथीतल्या मुलाला हे कसं समजावणार? म्हटलं, आण बघू.

गाडी तशी खेळण्यातली नव्हे. ऑनसाइटला गेलेल्या एका मित्राकडून मीच भाचेबुवांना वाढदिवसाला आणून दिलेली, एकास दहा मापाची, चारही चाकं फिरणारी. पावसाळ्यात ती सोसायटीच्या प्रत्येक डबक्यातून मनसोक्त फिरली आणि नंतर चार महिने तशीच, चिखलासकट, गॅलरीत पडून राहिली. परिणाम: पुढची दोन्ही चाकं फिरताना खर्रर्र आवाज. बेअरिंग गेलेलं. नवं घालायचं म्हणजे आधी हब काढायला हवा.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकाच्या मध्यावरचा नट काढला की चाक हातात येतं. त्याच्या मागे असतो एक षटकोनी तुकडा, समोरासमोरच्या बाजूंमध्ये बारा मिलिमीटर. हाच हब. चाकाच्या आतल्या बाजूला तसाच षटकोनी खड्डा असतो, तो यावर बसतो. हबच्या पाठीला एक खाच, आणि त्या खाचेत आसातून आरपार गेलेली छोटी पिन. मोटर आस फिरवते, आस पिनेला, पिन हबला आणि हब चाकाला. इतकं सोपं. हब बाहेरच्या बाजूला ओढायचा, की तो सरकून येतो आणि पिन खाली पडून सोफ्याखाली जाते.

आमचा हब आला नाही.

मी पक्कड घेतली आणि पिळला. आता ज्याने नुकतंच स्वतःच्या तोंडाने 'पिन आणि हब एकमेकांत अडकलेले असतात' असं सांगितलं, त्याला एवढं कळायला हवं होतं की हब पिळला तर सगळा आसच फिरणार. तो फिरला. मग जोर वाढवला. पक्कड सटकली आणि षटकोनाचे दोन कोपरे गोल झाले. मग मी मागच्या फटीत स्क्रूड्रायव्हर घालून पहारीसारखा दाबला. 'टक्' असा आवाज आला. मला वाटलं, सुटला.

हब जागच्या जागी होता. तुटला होता तो मागचा प्लास्टिकचा सांधा, चाकाला डावीउजवीकडे वळवणारा. त्याला नकल म्हणतात. स्क्रूड्रायव्हरला टेकायला मी नेमकं गाडीतलं सगळ्यात नाजूक ठिकाण दिलं होतं.

भाचेबुवा तेव्हा चित्रकलेच्या क्लासला गेले होते. परत यायला दीड तास होता. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? फेविक्विक. चिकटवून टाकू, म्हणू की पावसानेच तडा गेला होता.

इथे एक जुनी गोष्ट कबूल करतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप नावाचा विषय असतो. लोखंडाचा तुकडा घेऊन कानस मारत मारत त्याचा चोख चौकोन करायचा, खाच पाडायची, दुसरा तुकडा त्यात बसवायचा. त्याला 'जॉब' म्हणतात. हाताला फोड येतात. माझ्या हाताला आले नाहीत, कारण मी कॉलेजबाहेरच्या एका वर्कशॉपमधून तयार जॉब विकत आणला होता. सर्रास सगळे आणायचे. चांगले मार्क पडले. पुढे तीन वर्षं आणि नोकरीतली सहा वर्षं, कुणी कधी विचारलं नाही.

असो. फेविक्विक खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्या हबकडे नीट बघितलं.

आसाभोवती पांढरी भुकटी दिसत होती. आस पोलादाचा, हब अ‍ॅल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये पावसाचं पाणी, म्हणजे छोटीशी बॅटरीच झाली. त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, आणि झिजून तयार झालेली भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. म्हणजे हब बिघडला नव्हता, त्याच्या आणि आसाच्या मधल्या बारीक फटीत पाचर बसली होती. याचा पिळण्याशी काही संबंधच नव्हता.

ताईकडे डब्ल्यूडी-४० चा डबा होता. हे द्रव्य १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं, पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात चाळीस. आधी वापरलं गेलं ते अ‍ॅटलास नावाच्या क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर. पण अ‍ॅटलास म्हटल्यावर मला आठवली ती सायकल, आणि सायकलीवरून सांगलीतले आमच्या कोपऱ्यावरचे सायकलवाले काका.

जुन्या सायकलींना पेडलचा दांडा आसावर धरून ठेवणारी एक कॉटर पिन असायची. ती गंजली की निघता निघत नसे. काका ती हातोडीने एका घावात काढायचे. पण घावाआधी पाच मिनिटं त्यांचं काहीतरी चाललेलं असायचं: दांड्याच्या खाली एक जाड लोखंडी तुकडा नेमका टेकवायचा, हलवून बघायचा, परत टेकवायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "मार पिनेला बसला पाहिजे, सायकलला न्हाई." खाली आधार नसेल तर घाव आतल्या बेअरिंगला बसतो. तेव्हा मला त्यांची हातोडीच तेवढी भारी वाटायची.

म्हणजे मला हबच्या पाठीला आधार हवा होता, असा की आस मोकळा राहील आणि प्लास्टिकवर काहीच भार येणार नाही. गॅलरीत एक मोडकी बिजागरी सापडली. खालच्या हार्डवेअरवाल्याकडून हॅक्सॉचं पातं आणि कानस आणली. बिजागरीच्या पानात सहा मिलिमीटर रुंद चीर पाडायची होती, आस तिच्यात आरामात जाईल अशी. पात्याने दोन काप घेतले, मधला तुकडा पकडीने मोडला आणि मग कानस. घासतोय, लावून बघतोय, परत घासतोय. दीड तास कुठे गेला कळलं नाही. उजव्या अंगठ्याला फोड आला. दहा वर्षं उशिरा का होईना, माझा जॉब चालू झाला होता.

तेवढ्यात भाचेबुवा आले. तुटलेला सांधा समोरच होता.

"हे तू तोडलंस?"

"हो. मी चुकीच्या ठिकाणी जोर लावला. नवीन मागवलाय."

त्यांनी तुकडा उलटसुलट करून बघितला. मी ओरड्याची वाट बघत होतो. ते म्हणाले, "मग आता बरोबर ठिकाण कुठलंय?"

दाखवलं. डावीकडचं तुटलेलंच होतं, म्हणून पहिला प्रयोग त्याच्यावर. सोल्डरिंग गनचं टोक हबला धरून तो चांगला तापवला. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. शंभर अंशांना पाच मिलिमीटरच्या भोकात फरक पडतो जेमतेम साडेपाच मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पण भुकटीची पकड ढिली व्हायला तेवढा धक्का पुरे होतो. मग पूर्ण गार होऊ दिला आणि त्यानंतर तेल मारलं (तापलेल्यावर मारायचं नाही, पेटू शकतं). पंधरा मिनिटं थांबलो. आसाच्या टोकावर नट उलटा फिरवून टोकाच्या पातळीत आणला, आटे चेपू नयेत म्हणून. कुंडीखालच्या दोन विटांवर बिजागरीचं पान आडवं ठेवलं, हब वर, सांधा खाली लोंबकळता, आणि चीर पिनेच्या रेषेत, म्हणजे पिनेलाही खाली सरकायला वाट. वर लाकडाचा तुकडा, त्यावर हातोडी.

दोन हलके घाव. तिसऱ्याला आवाज बदलला. हब हातात आला.

उजवं चाक राहिलं होतं. त्याचा सांधा मात्र शाबूत होता, आणि बिघडवायला शिल्लक असलेला तो शेवटचा. आम्ही दोन स्क्रू काढून तो गाडीपासून वेगळा केला, प्लास्टिकला ओला फडका गुंडाळला आणि सगळं परत तसंच मांडलं. हातोडी मी उचलली, तर भाचेबुवा म्हणाले, "मी मारू?"

खरं सांगतो, पोटात गोळा आला. पण म्हटलं, आधी आधार तपास. त्यांनी खाली वाकून बिजागरी बघितली, हलवून बघितली, जराशी सरकवली. मग मारलं.

चौथ्या घावाला निघाला. पिन टणकन उडून सोफ्याखाली गेली. आम्ही दोघं टॉर्च घेऊन पालथे पडलेलो असताना ताई जेवायला बोलवायला आली आणि काही न बोलता परत गेली.

नवीन सांधे मंगळवारी आले, जोडी साडेतीनशे रुपये. येत्या शनिवारी बसवायचे आहेत. या वेळी आसाला ग्रीसचा पातळ हात देऊनच हब चढवायचा, असं ठरलंय. भाचेबुवांनी फोन करून बजावलंय की मी येईपर्यंत ते काही उघडणार नाहीत, आणि ते येईपर्यंत मीही काही उघडायचं नाही.